जुन्या वस्तऱ्याची दुरुस्ती आणि हाताने घडवलेली नवी मूठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणता जुना वस्तरा दुरुस्त करण्याजोगा असतो?

निर्णय पात्याकडे पाहून घ्यावा, मुठीकडे पाहून नव्हे. कारण मूठ नव्याने घडवता येते, पाते घडवता येत नाही. चांगल्या उजेडात, भिंग डोळ्याला लावून, धारेच्या संपूर्ण लांबीवरून नजर फिरवावी. धारेपासून पाठीच्या दिशेने गेलेली केसाएवढी भेग दिसली, तर ते पाते दाढीसाठी बाद समजावे. भेग पुढे सरकते आणि एखाद्या दिवशी तेथून तुकडा निघतो. धारेचा मिलिमीटरभर खोलीचा टवका उडाला असेल, तर तो दगडावर घासून नाहीसा करता येतो. त्याहून मोठ्या टवक्यासाठी पात्याची रुंदी इतकी कमी करावी लागते की वस्तऱ्याचे मूळ प्रमाणच बिघडते.

गंजाला मात्र लगेच घाबरू नये. वरवरचा तांबूस गंज तेलाने आणि बारीक स्टील वूलने (पोलादी तंतूंच्या बोळ्याने) निघतो. चिंता असते ती काळ्या ठिपक्यांची, कारण त्यांच्याखाली खड्डे असतात. असे खड्डे पाठीजवळ किंवा पात्याच्या मध्यावर असतील तर दाढीवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. तेच खड्डे धारेच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये असतील, तर प्रत्येक वेळी धार लावताना एक नवा खड्डा उघडा पडतो आणि धार तेथे दातेरी होते.

पाठीवरची झीज एवढी का पाहिली जाते?

धार लावताना वस्तरा दगडावर सपाट ठेवला जातो, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन आपल्या हातावर अवलंबून नसतो. पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी या दोन मापांनी तो कारखान्यातच ठरलेला असतो. पात्याची रुंदी परंपरेने इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर आणि ६/८ म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. १९ मिलिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन पावणेसतरा अंशांच्या आसपास येतो. साधारणपणे १६ ते १८ अंशांचा कोन दाढीसाठी उत्तम मानला जातो.

आता कल्पना करा की पूर्वीच्या मालकाने वर्षानुवर्षे जोर लावून धार लावली आहे. पाठीच्या दोन्ही बाजूंना रुंद, सपाट, चकाकणारे पट्टे पडलेले असतात, म्हणजेच पाठ पातळ झालेली असते. पाठ पातळ झाली की कोन लहान होतो, आणि फार लहान कोनाची धार दाढीच्या केसांपुढे टिकत नाही, चुरा होऊन उडते. याउलट, टवके काढण्यासाठी पाठीवर टेप लावून केवळ धार मागे ढकलली असेल, तर कोन वाढतो आणि पाते ओढल्यासारखे लागते. रुंदीला पाठीच्या जाडीने भागून पाहावे: उत्तर साडेतीनच्या आसपास आले तर प्रमाण ठीक आहे, तीनपर्यंत खाली गेले तर कोन १९ अंशांच्या वर गेलेला असतो, आणि चारपर्यंत चढले तर तो साधारण साडेचौदा अंशांवर आलेला असतो. माझ्या मते मोजपट्टीने केलेली ही एक तपासणी पात्यावरच्या प्रसिद्ध नावापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

वस्तऱ्याचे मूळ आणि वय कशावरून ओळखावे?

पात्याच्या मागील भागावर, म्हणजे पाते आणि शेपटी (बोट टेकवायचे मागचे टोक) यांच्यामधल्या दांड्यावर, बनवणाऱ्याचा ठसा असतो. इंग्लंडमधील शेफिल्ड, जर्मनीतील झोलिंगेन, फ्रान्समधील तियेर आणि स्वीडनमधील एस्किल्स्टूना ही या धंद्याची जुनी गावे आहेत. शेफिल्डच्या पात्यांवर राजचिन्हाची अक्षरे असतील तर काळ बराच जवळून कळतो: ‘डब्ल्यू आर’ ही अक्षरे चौथ्या विल्यमच्या, म्हणजे १८३० ते १८३७ या काळाकडे बोट दाखवतात, तर ‘व्ही आर’ ही अक्षरे १८३७ ते १९०१ या व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीकडे. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे ठशात देशाचे नाव असलेली निर्यातीची पाती बहुधा त्यानंतरची असतात.

पात्याची घडणही काळ सांगते. जुनी पाती जाड, पाचरीसारखी भरीव असतात. दोन्ही बाजूंनी खोलवर पोकळ घासलेली, नखाने दाबली असता किंचित वाकणारी पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचलित झाली. ठशात ‘रोस्टफ्राय’ असा जर्मन शब्द असेल तर पाते स्टेनलेस पोलादाचे आहे, आणि ते साध्या कार्बन पोलादापेक्षा दगडावर हळू घासले जाते.

जुनी मूठ वाचवावी की नवी घडवावी?

शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची मूळ मूठ अखंड असेल, तर ती वाचवावी असेच मी आग्रहाने सांगेन. कोरडे पडलेले शिंग नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलात) काही दिवस बुडवून ठेवले की त्याचा ठिसूळपणा बराच कमी होतो. मूठ दोन पट्ट्यांची असते; त्यांतली वाकलेली शिंगाची पट्टी गरम पाण्यात मऊ करून दोन सपाट फळ्यांमध्ये आवळावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत तशीच ठेवावी. घाईने सोडली तर ती पुन्हा मूळ वाकावर जाते.

सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची गोष्ट निराळी आहे. हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतो आणि जुना झाला की आतून विघटित होऊ लागतो. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ सर्वप्रथम शेजारच्या पोलादाला खाते. म्हणूनच बंद वस्तऱ्यात मुठीच्या आत राहणाऱ्या भागावरच विचित्र, दाट गंज दिसतो. पट्टीवर बारीक जाळीदार तडे, चिकटपणा किंवा उग्र वास आढळला, तर ती मूठ ताबडतोब काढून टाकावी आणि इतर वस्तऱ्यांजवळ ठेवू नये. सेल्युलॉइड अतिशय वेगाने पेटते, त्यामुळे त्यावर गरम होणारे कोणतेही यंत्र चालवू नये.

हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाच्या मुठी जुन्या वस्तऱ्यांवर आढळतात. या दोन्ही पदार्थांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, कराराखाली कडक निर्बंधांत आहे, म्हणून अशी मूठ जपावी, पण नव्या मुठीसाठी हे पदार्थ शोधू नयेत.

मूठ सोडवताना पट्ट्या तुटू नयेत म्हणून काय करावे?

सर्वप्रथम धारेवर जाड टेप गुंडाळावा. पट्ट्या आणि पाते जोडणाऱ्या पिनेचे एका बाजूचे गोल डोके बारीक कानशीने वॉशरच्या पातळीपर्यंत घासावे. घासताना वॉशरभोवती पातळ पत्र्याचा तुकडा ठेवला तर पट्टीवर ओरखडे पडत नाहीत. नंतर वस्तरा भोक असलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून, पिनेपेक्षा किंचित बारीक पंचाने आणि हलक्या ठोक्यांनी पिन खाली उतरवावी. पिन हलत नसेल तर जोर वाढवू नये. डोके पुरेसे घासलेले नाही किंवा पिन आत वाकलेली आहे, असा त्याचा अर्थ असतो. जुन्या इंग्लिश वस्तऱ्यांत मागच्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवलेली पाचर पुष्कळदा शिशाची असते. तिला कोरडे घासू नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

दुसऱ्याने वापरलेला वस्तरा निर्जंतुक कसा करावा?

मूठ काढलेली असतानाच हे काम करणे सर्वांत सोयीचे असते. साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने पाते, विशेषतः पिनेचे भोक, पूर्ण स्वच्छ करावे, कारण मळाखाली कोणतेही जंतुनाशक पोहोचत नाही. मग ते रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या जंतुनाशकात त्याच्या सूचनेनुसार भिजवावे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) उपलब्ध असेल तर १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरत नाही. मात्र पाते बाहेर काढताच कोरडे करून तेल लावावे. शिंग, लाकूड किंवा सेल्युलॉइड यांची मूठ वाफेत अजिबात घालू नये.

गंज आणि डाग काढण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य उपायापासून करावी. पात्याला तेल लावून ते रात्रभर ठेवावे आणि सकाळी सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांच्या, स्टील वूलने पुसावे. अनेक पाती एवढ्यावरच इतकी स्वच्छ होतात की पुढे जाण्याची गरज राहत नाही. पात्यावर कोरीव नक्षी किंवा सोनेरी मुलामा असेल तर येथेच थांबावे. तो मुलामा इतका पातळ असतो की साध्या धातूच्या पॉलिशनेही पुसला जातो, आणि एकदा गेलेला मुलामा तसाच परत आणता येत नाही.

त्यापुढे जायचे असेल तर पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर घ्यावा. प्रथम १००० क्रमांकाचा कागद एका कोपऱ्यात वापरून पाहावा (क्रमांक जितका लहान, तितका कागद खरखरीत). डाग हलत नसेल तरच ६०० किंवा ४०० पर्यंत खाली यावे. पाते टेबलाच्या कडेवर सपाट टेकवून, खालून पूर्ण आधार देऊन घासावे, कारण पोकळ घासलेले पाते मध्ये इतके पातळ असते की आधाराविना दाबले तर ते तडकू शकते. हाताची दिशा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या पलीकडे असावी, धारेवर उलटी कधीही नसावी. प्रत्येक नव्या कागदाने आधीच्या कागदाचे सर्व ओरखडे नाहीसे झाल्याशिवाय पुढचा क्रमांक हाती घेऊ नये. या कामात सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण ४०० चे ओरखडे २००० च्या चकाकीखाली तेव्हा दिसत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात ठळकपणे उघडे पडतात.

खोल खड्डे पूर्ण नाहीसे होईपर्यंत घासण्याचा मोह आवरावा. खड्डा जाण्यासाठी त्याच्या भोवतालचे सगळे पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावे लागते. त्यात बनवणाऱ्याचा ठसा पुसट होतो, पाठीच्या कडा गोल होतात आणि घासणाऱ्या कारागिराने पात्याला दिलेली स्वच्छ रेषा हरवते. पाते आरशासारखे चमकावे म्हणून ही रेषा गमावणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते.

व्हिनेगर किंवा तत्सम आम्लांत पाते बुडवून ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. आम्ल गंजासोबत चांगले पोलादही खाते आणि पृष्ठभाग राखाडी, निस्तेज करते. म्हणून ते टाळावे.

बफिंगचे यंत्र वापरावे का?

पुरेसा सराव नसेल तर वापरू नये. पहिला धोका शरीराचा आहे: फिरत्या चाकात धार किंवा टोक अडकले तर चाक पाते हातातून हिसकावून फेकते. पात्याचा जो भाग चाकाला लागतो, त्यावर चाक पात्याच्या शरीराकडून धारेच्या बाहेर फिरत असले पाहिजे, धारेवर चढणारे नव्हे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि नाकातोंडावर मास्क असावा.

दुसरा धोका पोलादाचा आहे. पात्याला दिलेले पाणी साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानावर ठरवलेले असते. चाकाच्या घर्षणाने धारेजवळचा पातळ भाग त्याच्या वर सहज जातो आणि पोलाद मऊ पडते. धार पिवळसर आणि मग निळी दिसू लागली, की त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. निळा रंग पुसता येतो, पण गेलेला कडकपणा परत येत नाही. पाते उघड्या बोटांनी धरावे, बोटांना गरम लागताच पाण्यात बुडवावे, आणि धारेच्या अगदी जवळचा भाग हातानेच घासावा.

नव्या मुठीसाठी कोणते साहित्य निवडावे?

वस्तरा पाणी आणि साबण यांच्या सान्निध्यात राहतो, म्हणून सौंदर्याच्या आधी ओलाव्याचा विचार करावा. एबनीसारखी दाट लाकडे टिकाऊ असतात. सच्छिद्र किंवा रंगीत गाठींचे सुंदर लाकूड वापरायचे असेल, तर निर्वातात राळ भरून पक्के केलेले लाकूड घ्यावे. लाकडाचे तंतू पट्टीच्या लांबीत धावले पाहिजेत. आडवे धावले तर पट्टी पिनेपाशी फुटते. शिसव आणि त्याच्या कुळातील लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत, हे परदेशातून मागवताना लक्षात ठेवावे.

म्हशीचे शिंग हा माझा सर्वांत आवडता पर्याय आहे. ते हलके, लवचीक आणि हाताला उबदार असते, आणि पातळ केले तरी सहसा तुटत नाही. त्याला एका बारीक किड्याची अळी पोखरते, म्हणून साठवताना अधूनमधून तपासावे. मिकार्टा आणि जी-टेन हे राळेत बसवलेले थरांचे पदार्थ ओलाव्याला दाद देत नाहीत, परंतु त्यांची धूळ, तसेच शिंपल्याची आणि शिंगाची धूळ, फुप्फुसांना घातक असते. योग्य मास्क लावून, शक्यतो पाण्यात ओले करून घासावे.

वजनाचाही विचार हवा. उघडा वस्तरा पिनेच्या आसपास तोलला जावा. हलक्या, पोकळ घासलेल्या पात्याला जड मूठ लावली तर दाढी करताना मागचा भाग खाली ओढतो; जाड, पाचरीसारख्या भरीव पात्याला मात्र तेच वजन शोभते.

पट्ट्यांचा आराखडा कसा ठरवावा?

जुनी मूठ असेल तर तिची कडा कागदावर गिरवून घ्यावी, पण डोळे मिटून तिची नक्कल करू नये. मूठ नसेल तर पाते जाड कागदावर ठेवून पिनेच्या भोकात टाचणी रोवावी आणि पाते त्या बिंदूभोवती फिरवून पाहावे. बंद अवस्थेत संपूर्ण धार मुठीच्या आत दोन-तीन मिलिमीटर तरी झाकली गेली पाहिजे, पात्याचे टोक पाचरीला लागता कामा नये, आणि पाठ बोटाने धरता येईल एवढी वर राहिली पाहिजे.

दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना चिकटवून एकत्रच भोके पाडावीत आणि एकत्रच आकार द्यावा. तरच त्या तंतोतंत जुळतात. भोके काटकोनात पडण्यासाठी उभे ड्रिल वापरावे. भोक थोडे जरी तिरपे गेले तरी बंद होताना पाते एका पट्टीला घासते आणि धार खराब होते. पट्टीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर पुरेशी असते. कडा गोलाई देत पातळ कराव्यात, पण पिनेभोवतीची जाडी राखावी.

लाकडावर शेवटचा हात सायनोॲक्रिलेटचा (सुपर ग्लू प्रकारच्या गोंदाचा) किंवा तेलाचा द्यावा. उकळलेले जवसाचे तेल वापरल्यास त्याने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. त्या सुकताना स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

मागच्या टोकाच्या पाचरीला इतके महत्त्व का आहे?

कारण वस्तरा नीट मिटणे तिच्यावर अवलंबून असते. पाचर दांड्यापेक्षा पातळ असते, म्हणून दोन्ही पट्ट्या मागे एकमेकींकडे झुकतात आणि पाते हलकेच धरून ठेवण्याएवढा ताण निर्माण होतो. पाचर फार जाड झाली तर पट्ट्यांमधील फट रुंद होते आणि पाते दुसऱ्या बाजूने बाहेर येऊ शकते, जे अत्यंत धोकादायक आहे. फार पातळ झाली तर पट्ट्या पात्याला चिमटतात. पाचरीच्या दोन्ही बाजू पट्ट्यांच्या झुकावाएवढ्याच तिरप्या असाव्यात. पट्ट्या बसवून उजेडासमोर धरल्या असता मध्ये प्रकाशाची रेषा दिसू नये. या लहानशा तुकड्यावर घालवलेला वेळ कधीही वाया जात नाही.

पिना कशा ठोकाव्यात?

साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पितळी किंवा जर्मन सिल्व्हरची (तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूची) तार घ्यावी. कायमची पिन ठोकण्यापूर्वी त्याच मापाचे बारीक स्क्रू आणि नट लावून वस्तरा तात्पुरता जोडावा, अनेकदा उघडून मिटवून पाहावा आणि पाते मध्यभागी येते याची खात्री करून घ्यावी. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर बसवले तर पाते गुळगुळीत फिरते.

आधी पाचरीची पिन आणि नंतर पात्याची, असा क्रम ठेवावा. वॉशरच्या बाहेर दोन्ही बाजूंना मिलिमीटरपेक्षा किंचित कमी तार ठेवावी आणि टोके कानशीने सपाट करावीत. धार गुंडाळून, लहान ऐरणीवर, लहान गोल तोंडाच्या हातोडीने टोकाच्या कडेकडेने अगदी हलके ठोके द्यावेत आणि काही ठोक्यांनंतर वस्तरा उलटवावा. एक जोरदार ठोका दिला तर तार भोकात वाकते आणि पट्टी चिरते. शेकडो हलके ठोके दिले तर डोके आपोआप घुमटासारखे उमलते. पाते कोणत्याही कोनात ठेवले तरी स्वतःहून पडू नये, आणि उघडताना जोरही लावावा लागू नये, इतकी घट्ट पिन योग्य समजावी.

धार मूठ बसवण्यापूर्वी लावावी की नंतर?

मूळ कोन बसवण्याचे जड काम आधी आणि धारेचा शेवटचा हात मूठ बसल्यानंतर, हे मला पटते. कारण ठोकाठोकीत धारेला इजा होण्याची शक्यता कायम असते. १००० क्रमांकाच्या दगडावर धारेची दोन्ही बाजूंची तिरपी पट्टी टाचेपासून, म्हणजे दांड्याकडच्या टोकापासून, पुढच्या टोकापर्यंत अखंड जुळली पाहिजे. ती जुळली नसेल तर पुढचे दगड वाया जातात. नंतर ४०००, ८००० आणि १२००० असा क्रम घ्यावा. अखेरचा दगड म्हणून बेल्जियमचा कोटिक्युल किंवा थुरिंजियाचा दगडही घेता येतो. पाठीवर टेपचा एक थर लावल्यास नवी झीज टळते, मात्र कोन किंचित वाढतो आणि टेप फाटताच बदलावा लागतो. हाताचे वजन शेवटी शेवटी वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढेच राहावे.

यानंतर चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, सुमारे पन्नास फेऱ्या माराव्यात. पट्टा ताणलेला असावा आणि पाते उलटवताना ते पाठीवरच वळवावे.

तयार झालेला वस्तरा कसा ठेवावा?

दाढी झाल्यावर पाते केवळ पुसणे पुरेसे नाही. पाणी पिनेभोवती आणि पट्ट्यांच्या मध्ये शिरलेले असते. मऊ कापडाचा कोपरा आतून ओढून घ्यावा, वस्तरा थोडा वेळ उघडा ठेवावा आणि मगच मिटावा. बराच काळ वापरायचा नसेल तर पात्याला खनिज तेलाचा किंवा कॅमेलियाच्या तेलाचा पातळ हात देऊन तो स्नानगृहाबाहेर, कोरड्या जागी ठेवावा. चामड्याच्या बंद म्यानात दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते.